विश्लेषण : गाडी नीट चालते, तरी ‘चेक इंजिन’चा दिवा का विझत नाही?

गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, पिकअप आहे, ॲव्हरेजही पूर्वीइतकेच. पण डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा ठाण मांडून बसलेला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर ‘पी-०४४३’ किंवा त्याच्या आसपासचा एखादा कोड येतो. ‘साहेब, पर्ज व्हॉल्व्ह गेलाय, बदलावा लागेल,’ असे सांगितले जाते. व्हॉल्व्ह बदलतो, दिवा विझतो आणि चार दिवसांनी पुन्हा लागतो. मग ‘ईसीयू’वर संशय घेतला जातो आणि बिल हजारोंच्या घरात जाते. पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या या यंत्रणेतला विजेचा दोष अनेकदा वायर, कनेक्टर किंवा फ्यूजमध्ये दडलेला असतो. तो क्रमाने शोधला तर साध्या मल्टिमीटरने सापडतो. हा क्रम कोणता, हे समजून घेऊ.

ही यंत्रणा नेमकी काय करते?

पेट्रोल सतत उडत असते. गाडी बंद असली, उन्हात उभी असली तरी टाकीत वाफ तयार होतच राहते. ती हवेत सोडली तर इंधन वाया जाते आणि प्रदूषणही होते. म्हणून टाकीतून निघणारी वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात नेली जाते. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यातला सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन सुरू होऊन तापले, की गाडीचा संगणक म्हणजे ईसीयू एक छोटा विद्युत व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या इन्टेकमधील ओढीमुळे बाहेरची ताजी हवा कॅनिस्टरमधून जाते, साठलेली वाफ सोबत घेते आणि ती इंजिनात जळते. कोळसा मोकळा होऊन पुन्हा वाफ धरायला तयार होतो.

हा विद्युत व्हॉल्व्ह म्हणजेच पर्ज व्हॉल्व्ह. काडेपेटीएवढ्या आकाराचा, दोन नळ्या आणि दोन पिनांचा कनेक्टर असलेला हा भाग बहुतेक गाड्यांत थ्रॉटल बॉडीच्या किंवा इन्टेक मॅनिफोल्डच्या जवळ असतो. डिझेल फारसे उडत नसल्याने डिझेल गाड्यांत ही यंत्रणा नसते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र पेट्रोलची टाकीही असल्याने ती असते. बीएस-६ दुचाकींतही छोटा कॅनिस्टर असतो.

पुण्याचा याच्याशी काय संबंध?

वेताळ टेकडीवरील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था देशातील वाहनांची मान्यता-चाचणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. बीएस-६ वाहनांची चाचणी कशी घ्यायची, हे सांगणारे ‘एआयएस-१३७’ हे मानकही याच संस्थेने प्रसिद्ध केले आहे. त्यात धुराड्यातून निघणाऱ्या वायूंबरोबरच बाष्पाचीही चाचणी असते. गाडी एका हवाबंद खोलीत ठेवली जाते. इंजिन तापवून बंद केल्यानंतर एक तास आणि पुढे तापमान २० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत नेऊन परत खाली आणत २४ तास, अशा दोन टप्प्यांत खोलीतील हायड्रोकार्बनचे प्रमाण मोजले जाते. दोन्ही मिळून मोटारीसाठी मर्यादा आहे २ ग्रॅम. म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत चाचणीच्या खोलीपेक्षा जास्त वाफ तयार होते. कॅनिस्टर रिकामा करणारा व्हॉल्व्हच बंद पडला असेल, तर ही वाफ शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्येच बाहेर पडणार.

दिवा लागतो तो कशामुळे?

पुण्यासह देशातील १३ शहरांत २०१० मध्ये बीएस-४ मानके लागू झाली आणि त्याबरोबरच गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करण्याची व्यवस्था, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स किंवा ‘ओबीडी’, बंधनकारक होत गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, तशी ही तपासणी आणखी कडक झाली.

यातला एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत गाडीने टाकीपासून कॅनिस्टरपर्यंत कुठे बारीक भोक आहे का, हेही स्वतः शोधावे लागते. त्यामुळे तिथे टाकीचे झाकण सैल राहिले तरी दिवा लागतो. समाजमाध्यमांवरील बहुतेक व्हिडीओ तिकडचे असल्याने ‘आधी झाकण घट्ट करा’ हा सल्ला आपल्याकडेही दिला जातो. भारतीय नियम मात्र युरोपच्या वळणाचे आहेत. त्यांनुसार पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत परिपथावर लक्ष ठेवणे ही किमान अट आहे. म्हणजे वायर तुटली आहे का, शॉर्ट झाली आहे का, हे गाडीने पाहिलेच पाहिजे. म्हणून इथल्या गाडीत वाफ-यंत्रणेचा कोड आला, तर झाकणापेक्षा आधी विजेकडे पाहणे शहाणपणाचे.

परिपथ कसा असतो?

तो अगदी साधा आहे. बॅटरीतून मुख्य रिले आणि फ्यूजमार्गे १२ व्होल्टचा पुरवठा व्हॉल्व्हच्या एका पिनवर येतो. इग्निशन ऑन असताना हा पुरवठा कायम असतो. दुसऱ्या पिनची वायर ईसीयूकडे जाते. ईसीयू आतल्या ट्रान्झिस्टरने ही वायर अर्थिंगला जोडतो, की व्हॉल्व्हच्या कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. जोडणी तोडली की स्प्रिंगमुळे तो बंद होतो. ईसीयू हे सेकंदाला अनेकदा करतो. इंजिन तापल्यावर बॉनेट उघडून कान दिला, तर बारीक ‘टकटक’ ऐकू येते ती हीच.

दोष कसा ओळखला जातो, हेही यातच आहे. ट्रान्झिस्टर बंद असताना कॉइलमधून आलेला बॅटरीचा व्होल्टेज ईसीयूच्या पिनवर दिसायला हवा. ट्रान्झिस्टर सुरू झाला, की तो शून्याजवळ यायला हवा. बंद असतानाही व्होल्टेज दिसला नाही, तर ईसीयू समजतो की मार्ग कुठेतरी तुटला आहे किंवा वायर अर्थिंगला चिकटली आहे. सुरू असतानाही व्होल्टेज खाली आला नाही, तर वायरला कुठून तरी थेट १२ व्होल्ट मिळत आहेत. ईसीयूला इतकेच कळते. दोष नेमका कुठे आहे, हे त्याला कळत नाही.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही?

पी-०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या परिपथात दोष. पी-०४४४ म्हणजे परिपथ ओपन, पी-०४४५ म्हणजे शॉर्ट. काही कंपन्या पी-०४५८ (व्होल्टेज कमी) आणि पी-०४५९ (व्होल्टेज जास्त) हे कोड वापरतात. पी-०४४१ या कोडचा अर्थ वेगळा आहे. तिथे वीज ठीक असूनही वाफेचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नसतो, म्हणजे नळी, कॅनिस्टर किंवा अडकलेला व्हॉल्व्ह पाहावा लागतो.

‘व्होल्टेज कमी’ हा कोड घेऊ. त्यामागे फ्यूज उडालेला असू शकतो, पुरवठ्याची वायर तुटलेली असू शकते, व्हॉल्व्हची कॉइल आतून तुटलेली असू शकते, ईसीयूकडे जाणारी वायर तुटलेली असू शकते किंवा ती सोलली जाऊन बॉडीला टेकलेली असू शकते. कोड एक, पण जागा पाच. त्यातल्या एकाच जागेचा इलाज नवीन व्हॉल्व्ह हा आहे. कोडच्या नावात ‘पर्ज व्हॉल्व्ह’ हे शब्द असतात आणि व्हॉल्व्ह बदलणे पाच मिनिटांचे काम असते, म्हणून तो आधी बदलला जातो.

कोड पुसण्याची घाईही टाळावी. दोष नोंदवताना ईसीयू त्या क्षणाची माहितीही जपून ठेवतो. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. इंजिन किती तापले होते, वेग किती होता, आरपीएम किती, हे त्यात असते. गाडी थंड असताना सुरू करताक्षणी दोष आला, की तासभर चालवल्यावर, यावरून पुढचा शोध ठरतो. कोड पुसला की अनेक गाड्यांत ही माहितीही जाते. त्याआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

सुरुवात कुठून करायची?

डोळ्यांपासून. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि व्हॉल्व्हचा कनेक्टर पाहा. लॉक पूर्ण बसले आहे का? एअर फिल्टर बदलताना किंवा थ्रॉटल बॉडी साफ करताना हा कनेक्टर काढला जातो आणि अर्धवट बसवला जातो. कनेक्टर काढून आतल्या पिना पाहा. हिरवट-पांढरा थर म्हणजे पाणी शिरले आहे. पुण्यात याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ रोजी आंबिल ओढ्याला आलेला पूर असो, की २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत शिरलेले पाणी, दोन्ही वेळा पार्किंगमधील गाड्या बुडाल्या. अशी गाडी साफ करून रस्त्यावर येते, पण कनेक्टरमधील ओलावा गंज धरवत राहतो आणि दोष काही महिन्यांनी डोके वर काढतो. जुनी गाडी घेताना हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरे कारण उंदीर. पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी कुरतडल्या जाणे शहरात नवे नाही. हार्नेसवरची टेप कुठे फाटली आहे, बॉनेटखाली लेंड्या किंवा कागदाचे तुकडे आहेत का, ते पाहावे. बाहेरून सीएनजी किट किंवा अलार्म बसवला असेल, तर त्या वेळी हार्नेसमध्ये कुठे जोड मारला आहे, तेही तपासावे.

मग फ्यूज. हा फ्यूज अनेक गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरसाठी किंवा इतर भागांसाठीही वापरलेला असतो. त्यामुळे पर्ज व्हॉल्व्हबरोबर आणखी दोन-तीन विजेचे कोड एकदम आले असतील, तर सगळे भाग एकाच वेळी बिघडले असे समजू नये. त्यांचा पुरवठा एकच आहे का, ते आधी पाहावे. फ्यूज उडाला असेल तर तो बदलून भागत नाही. तो का उडाला, ते शोधावे लागते. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे वायरिंग जळण्याची सोय.

मल्टिमीटरने काय मोजायचे?

पहिले मोजमाप व्हॉल्व्हचे. इग्निशन बंद, कनेक्टर काढलेला. मीटर ओहमवर ठेवून व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर टोके लावा. अनेक गाड्यांत आकडा २० ते ३० ओहमच्या आसपास येतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली, जवळजवळ शून्य दाखवत असेल तर ती आतून शॉर्ट झाली. दोन्ही बाबतींत व्हॉल्व्ह बदलावा. तापलेल्या कॉइलचा रोध वाढतो. थंड असताना २५ ओहम दाखवणारी कॉइल इंजिन तापल्यावर ३० ओहमच्या पुढे गेली, तर ते स्वाभाविक आहे.

दुसरे मोजमाप पुरवठ्याचे. कनेक्टर काढलेलाच ठेवून इग्निशन ऑन करा. मीटर डीसी व्होल्टवर, काळे टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक गाडीकडच्या कनेक्टरमधील पुरवठ्याच्या पिनवर. बॅटरीइतका, म्हणजे १२ च्या वर व्होल्टेज दिसायला हवा. काही गाड्यांत मुख्य रिले इग्निशन ऑन केल्यानंतर थोडाच वेळ सुरू राहतो, त्यामुळे वेळ न दवडता मोजावे. दुसऱ्या पिनवर, म्हणजे ईसीयूच्या बाजूला, काही गाड्यांत मधलाच एखादा व्होल्टेज दिसतो. ईसीयू तपासणीसाठी तो स्वतःच सोडतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये.

टोके लावताना ती पिनमध्ये जबरदस्तीने खुपसू नयेत. पिन पसरली की कनेक्टर सैल होतो आणि नवाच दोष तयार होतो. वायरीचे आवरण सुईने टोचणेही टाळावे. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी आत जाते.

१२ व्होल्ट दिसतात, तरी दोष कसा?

अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन आणि नवखा यांच्यातला फरक इथे दिसतो. मल्टिमीटर मोजताना जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्यामुळे वायरीतील एकच तंतू शिल्लक असला किंवा पिन गंजलेली असली, तरी मीटरवर १२ व्होल्टच दिसतात. प्रत्यक्ष व्हॉल्व्ह जोडल्यावर सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह लागतो आणि मग खरे चित्र दिसते.

हिशेब सोपा आहे. व्हॉल्व्हचा रोध २५ ओहम आणि गंजलेल्या जोडाचा २० ओहम असेल, तर १२ व्होल्टपैकी व्हॉल्व्हला ७ व्होल्टही मिळत नाहीत. उरलेले गंज खातो. तेवढ्यात व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी नाही.

म्हणून टेस्ट लॅम्प वापरावा. १२ व्होल्ट, ५ वॉटचा पार्किंगचा छोटा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या जवळपास. पुरवठ्याची पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये तो लावला आणि लख्ख पेटला, तर पुरवठा खरोखर सुदृढ आहे. मिणमिणला, तर फ्यूजबॉक्सपासून कनेक्टरपर्यंत कुठे तरी रोध आहे. हेडलाइटचा मोठा बल्ब मात्र अशा कामासाठी वापरू नये, विशेषतः ईसीयूच्या वायरवर तर नाहीच. तो कित्येक अँपिअर ओढतो आणि ट्रान्झिस्टर जाळू शकतो.

ईसीयूची बाजू कशी तपासायची?

तोच ५ वॉटचा बल्ब व्हॉल्व्हच्या जागी, म्हणजे गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन्ही पिनांमध्ये लावा. स्कॅनरमध्ये ‘ॲक्चुएटर टेस्ट’ची सोय असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह सुरू करण्याची आज्ञा द्या. नसेल तर इंजिन तापू द्या. बल्ब लुकलुकला, तर पुरवठा, ईसीयूची वायर आणि ईसीयू तिन्ही ठीक आहेत. मग दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पिनांच्या पकडीत. एक अडचण ध्यानात ठेवावी. दोष नोंदवलेला असताना काही ईसीयू स्वतःहून व्हॉल्व्ह चालवणे थांबवतात. अशा वेळी माहिती लिहून घेऊन कोड पुसावा आणि मग ही चाचणी घ्यावी.

बल्ब पेटलाच नाही आणि पुरवठा मात्र लख्ख आहे, तर ईसीयूकडे जाणारी वायर तपासावी. इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे, ईसीयूचा कनेक्टर सोडवावा आणि वायरीच्या दोन टोकांत रोध मोजावा. तो एका ओहमपेक्षा कमी हवा. त्याच वायरीचे एक टोक आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजल्यास मार्ग दिसता कामा नये. दिसला, तर वायर कुठे तरी अर्थिंगला टेकली आहे. मॅनिफोल्डच्या कडा आणि क्लिपांच्या जागा आधी पाहाव्यात. इंजिनाच्या कंपनाने घासून वायर तिथेच सोलली जाते. हे काम पिनांचा नकाशा हाती असल्याशिवाय करू नये. ईसीयूच्या कनेक्टरमध्ये डझनावारी पिना असतात.

वायर, पुरवठा आणि व्हॉल्व्ह हे सगळे ठीक ठरले, तरच ईसीयूवर बोट ठेवावे. तो शेवटचा संशयित, कारण तो सर्वांत महागडा आणि बदलल्यावर गाडीशी जुळवून घ्यावा लागणारा भाग आहे.

दोष कधी येतो, कधी जातो, तेव्हा?

सगळी मोजमापे ठीक येतात आणि तरी आठवड्यातून एकदा दिवा लागतो, हा सर्वांत चिवट प्रकार. फ्रीझ फ्रेम इथे उपयोगी पडते. इंजिन तापल्यावरच दोष येत असेल, तर व्हॉल्व्ह गरम असताना पुन्हा मोजावा. आतून तडकलेली कॉइल थंड असताना जोडलेली राहते आणि तापली की सुटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर येत असेल, तर टेस्ट लॅम्प लावून ठेवून हार्नेस वीतभर अंतरा-अंतराने हलवून पाहावा. बल्ब फडफडला ती जागा दोषाची. पावसाच्या पहिल्या आठवड्यातच येत असेल, तर कनेक्टरचे रबर सील पाहावे.

दिवा आपोआप विझला, म्हणजे दोष गेला असे नाही. सलग तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही, तर दिवा विझू शकतो. कोड मात्र ईसीयूच्या स्मृतीत राहतो आणि इंजिन किमान ४० वेळा थंड होऊन तापल्यानंतरच पुसला जातो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दिवा विझला, तरी स्कॅनर लावून घ्यावा तो यासाठी.

दुरुस्ती कशी असावी?

तुटलेली वायर पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळणे ही तात्पुरती मलमपट्टी. इंजिनाच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. तेवढ्याच जाडीची वायर, नीट दाबलेला किंवा डाग दिलेला जोड, वर हीट श्रिंक स्लीव्ह आणि मग हार्नेसची टेप, अशी दुरुस्ती टिकते. कनेक्टरच्या पिना गंजल्या असतील, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. पिन खाल्ली गेली असेल, तर वायरसकट येणारा नवा कनेक्टर बसवावा. व्हॉल्व्हच बदलायचा झाला, तर पार्ट नंबर जुळवून घ्यावा. नाना पेठेत सुटे भाग घेताना दिसायला सारखे दोन व्हॉल्व्ह समोर येऊ शकतात आणि त्यांचा कॉइल-रोध वेगळा असू शकतो. दुकानातच मीटर लावून पाहण्यात संकोच नसावा. आणि या यंत्रणेत पेट्रोलची वाफ असते. काम मोकळ्या जागेत, इंजिन थंड असताना करावे. जवळ विडी-सिगारेट नको.

दुर्लक्ष केले तर काय बिघडते?

परिपथ तुटला, तर व्हॉल्व्ह बंदच राहतो. गाडी चालते, म्हणून लोक सोडून देतात. पण कॅनिस्टर भरून वाहू लागतो, उन्हात पेट्रोलचा वास येतो आणि वाफ हवेत जाते. या वाफेत बेंझिन असते. ते कर्करोगकारक आहे आणि बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण कमाल १ टक्का ठेवण्याचे बंधन त्यामुळेच आहे. ही वाफ आणि वाहनांतील नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तळमजल्यावर बंदिस्त पार्किंग आणि वर घरे, अशा इमारतीत हा वास केवळ गाडीमालकापुरता राहत नाही.

ईसीयूची वायर अर्थिंगला चिकटली, तर उलटे होते. व्हॉल्व्ह सतत उघडा राहतो, आयडलिंग खालीवर होते, पेट्रोल भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही.

दोन्हींपेक्षा मोठा तोटा वेगळाच. दिवा कायम लागलेला असेल, तर उद्या दुसरा एखादा दोष आला, तरी तो चालकाच्या लक्षात येणार नाही. डोळ्यांना दिव्याची सवय झालेली असते. ‘पीयूसी आहे की’ हा दिलासाही खोटा. पीयूसी तपासणीत सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजला जातो. टाकीतून किंवा कॅनिस्टरमधून निघणारी वाफ त्यात येत नाही.

गाडीमालकाने काय करावे?

मीटर हाताळायची सवय नसेल, तर स्वतः वायरिंगमध्ये हात घालू नये. पण गॅरेजमध्ये चार गोष्टी जरूर विचाराव्यात. कोड नेमका कोणता आला? पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम पाहिली का? व्हॉल्व्हचा रोध किती आला? कनेक्टरवर पुरवठा बल्ब लावून पाहिला का? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर काम योग्य हातात आहे. ‘आधी बदलून बघू’ हे उत्तर मिळाले, तर थांबावे. बदललेला जुना भाग परत मागावा आणि तोही मीटरवर तपासून घ्यावा. तो चांगला निघाला, तर दोष अजून गाडीतच आहे.

आणखी एक सवय पेट्रोल पंपावरची. नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’ करण्यासाठी वरून पेट्रोल भरू देऊ नये. टाकी काठोकाठ भरली, की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरण्याची शक्यता असते. भिजलेला कोळसा निकामी होतो आणि त्याचे कण पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन तो अडकतो. विजेचा दोष दुरुस्त करून आणलेली गाडी पुन्हा गॅरेजमध्ये जायला तेवढेही पुरते.